वाळायच्या आत

बसूचा फोन आला तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते. बसू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा. देवगाव फाट्यापासून कोसभर आत त्यांचं गाव आहे.

"मावशी, पडवी पाडायलोत आमी. स्लॅब टाकायचाय. मायनं त्या भितीला जलमभर कुणाला हात लावू देला न्हाई, म्हणून म्हणलं आधी तुला सांगावं."

मी म्हटलं, पाड की बाबा, भिंत तुझी, मला कशाला विचारतोस. फोन ठेवला आणि शेंगा ताटात तशाच टाकून पिशवी भरायला घेतली.

अक्काला जाऊन सहा वर्षं झाली. गेलेल्या माणसाचा मत्सर करू नये म्हणतात. मी करते. छत्तीस वर्षं चित्रकलेची शिक्षिका होते, मुलींना सरळ रेष आणि खरं बोलणं दोन्ही शिकवायची, तेव्हा निदान या वयात तरी एक गोष्ट सरळ सांगून टाकते. मला जन्मात एकाच माणसाचा हेवा वाटला आणि ती माझी सख्खी बहीण होती. तो हेवा फार जुना आहे. त्याला चुन्याचा वास आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या पडवीत शिरले तर बाकीच्या भिंती गुलाबी ऑइलपेंटच्या, गुळगुळीत, कॅलेंडरं टांगलेल्या. एक तेवढी पूर्वेच्या तोंडाची भिंत मातीची, पांढरी, जुन्या धोतरासारखी विरलेली. बोटाला थुंकी लावून मी ती घासली आणि बोट नाकाशी नेलं. बसूची बायको बघत राहिली. म्हातारीला काय झालं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं.

पाथरीला आमच्या आप्पांचं दुकान होतं. चुना, गेरू, नीळ, डिंक, सुतळी, कासरे, बैलाच्या शिंगांचे रंग. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या अंगणात लोखंडी पिंप. कळीच्या चुन्याचे दगड त्यात टाकून आप्पा वरून पाणी ओतत आणि विस्तवाशिवाय ते पाणी रटरट उकळायला लागे. "मागं सरा गं पोरींनो, डोळे जातील!" हे आप्पांचं ओरडणं आणि पिंपातली ती गडगड, असा आमच्या दिवाळीचा आवाज होता. फटाके नंतर. वाफेला एक उग्र, स्वच्छ वास असे, घशात बसणारा. शाळेत दुसऱ्या मुली माझ्याजवळ बसल्या की म्हणायच्या, तुझ्या डोक्याला नव्या घराचा वास येतो.

पोळ्याच्या आधी दुकानात बैलवाल्यांची रीघ लागे. गेरूची ढेकळं तोलताना आप्पांचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे आणि पाऊस अंगणात पडला की सगळं अंगण तांबडं वाहायचं. आई म्हणायची, या घरात पांढरं लुगडं नेसायची चोरी. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चौथीनंतर ती शाळेत गेली नाही. मला शाळेत घातलं आणि तिला भिंतीला, असं मी पुढं गमतीनं म्हणायची. तिला त्याचं हसू यायचं नाही, हे मला उशिरा कळलं.

दुकानाच्या मागची भिंत गेरूनं सारवलेली होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अक्का बाभळीची काडी ठेचून तिचा कुंचला करी, पातळ चुन्यात बुडवी आणि भिंतीवर काहीतरी लिही. चुन्याची गंमत अशी की ओला असताना तो दिसत नाही. नुसतं ओलं दिसतं, पाणी सांडल्यासारखं. वाळायला लागला की पांढरा होत जातो. आधी कडा, मग मधला भाग, आणि शेवटी अक्षर भिंतीतून वर आल्यासारखं उभं राहतं.

"वळख बरं," अक्का म्हणायची. "वाळायच्या आत वळखलंस तर गुळाचा खडा."

मी भिंतीला नाक लावून, मान वाकडी करून त्या ओलीत अक्षर शोधायची. तिरकं ऊन असलं तर नुसती चकाकी दिसे. कधी 'बोर' असायचं, कधी 'भूत', कधी आप्पांचा दुकानात म्हणायचा एखादा शब्द, जो वाळायच्या आत पुसावा लागे. एके दिवशी तीन अक्षरं उमटली आणि ती मी घडाघडा वाचली. ते माझं नाव होतं. मी माझं नाव पहिल्यांदा वाचलं ते पाटीवर नाही, पुस्तकात नाही, अक्काच्या चुन्यात. त्या दिवशी गुळाचे दोन खडे मिळाले.

याच भिंतीपाशी हेवाही रुजला. पोती न्यायला आलेले लोक अक्काचं अक्षर बघून थबकत. गंगाखेडचा एक व्यापारी स्वतःच्या पोत्यांवर नावं घालायला तिच्याकडे येऊन बसायचा. सगळे एकच म्हणत, "थोरलीच्या हाताला गुण हाय." आणि मग मी तिथंच उभी आहे हे लक्षात आलं की घाईनं म्हणत, "धाकटीबी हुशार हाय बरं का." हुशार! दात पडलेल्या मुलीलासुद्धा कळतं की हुशार हे दुसऱ्या नंबरचं बक्षीस असतं.

अक्का लग्न होऊन या गावी आली. दाजींची शेती होती, चार बैल, भरपूर काम. पण ती आल्याच्या वर्षी शेजारच्या लग्नाची भिंत तिनं लिहिली आणि मग तिला सुट्टी राहिली नाही. आमच्या भागात लग्नघराच्या दाराशेजारी भिंत रंगवायची रीत होती. दोन बाजूंना भालदार-चोपदार, वर कलश, कोपऱ्यात पोपट, आणि मधोमध नवरा-नवरीचं नाव. पोपट काढणारे पुष्कळ होते. नाव लिहायला मात्र अक्का लागायची. बैलगाडी पाठवून लोक तिला न्यायचे. लग्न होऊन, लेकरं होऊन, त्या लेकरांची लग्नं निघेपर्यंत भिंतीवर तिची अक्षरं फिकी होत राहायची.

मी एकदा विचारलं होतं, "अक्का, खाली कोपऱ्यात तुझं नाव का नाही घालत?"

तिनं जीभ चावली. "वेडी का खुळी? लिव्हणाऱ्याचं नाव लग्नाच्या भितीवर नसतंय. नवऱ्या-नवरीचं असतंय."

हे वाक्य मी नीट जपून ठेवलं. पुढं मला ते फार उपयोगी पडलं.

मी औरंगाबादला चित्रकलेची पदविका घेतली आणि परभणीला मुलींच्या शाळेत लागले. माझ्या खोलीला पोस्टर कलरचा गोडसर वास, टी-स्क्वेअर खिळ्याला टांगलेला, बाटल्यांची झाकणं रंगाच्या क्रमानं. माझं अक्षर सुंदर होतं, हे मी स्वतःच सांगते कारण ते खरं आहे. सगळ्या जिल्ह्यातली मानपत्रं माझ्याकडे यायची. मला वाटायचं, आता अंतर पडलं. ती काडीनं लिहिते, मी सेबलच्या ब्रशनं. ती चुन्यात, मी सोनेरी शाईत. सुट्टीत तिच्याकडे गेले की मात्र मी पहिल्यांदा गावातल्या नव्या भिंती बघून यायची, चोरून, आणि येताना जेवणावरची वासना गेलेली असायची.

मग ती मालिका आली. मुंबईहून एक दिग्दर्शक आले होते, पांढरी दाढी, खांद्याला शबनम. मराठवाड्यातल्या लोककलांवर टीव्हीसाठी तेरा भाग करणार होते. गोंधळी, पोतराज, भारुडवाले, कळसूत्री बाहुल्या. मालिकेचं नाव 'हातगुण'. परभणीत माझं प्रदर्शन बघून ते म्हणाले, "बाई, शीर्षक तुम्ही करा. सुरुवातीचं एक मिनिट. ते बघून माणसानं खुर्चीत बसलं पाहिजे." नाव ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला होता. माझ्या लहानपणाचा शब्द माणूस मुंबईहून घेऊन आला होता आणि मला देत होता.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. सात कार्डं केली, काळ्या कागदावर. एकावर 'ह'च्या पोटात हाताचा पंजा बसवला होता. एकाला बाहुलीचे दोरे होते. शाळेतल्या बायकांनी बघून तोंडात बोटं घातली. पुढचं चित्रण अक्काच्याच गावी होतं, तिथल्या भारुडवाल्यांचं, म्हणून मी कार्डं फळ्यांत बांधून, वर मेणकापड गुंडाळून एस.टी.नं गेले.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते ते. कधी कुठला रस्ता बंद होईल सांगता येत नसे. गावोगावच्या भिंतींवर त्याच गेरूनं आणि त्याच चुन्यानं घोषणा लिहिलेल्या असत, एका रात्रीत पुसलेल्या आणि पुन्हा लिहिलेल्या. मी पोचले आणि दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला. फाट्यावर टायर जळत होते. दिग्दर्शक, त्यांचा कॅमेरावाला, सगळे अक्काच्या घरी दोन दिवस अडकून पडले. अक्कानं त्यांना ज्वारीच्या भाकरी आणि लसणाची चटणी घातली आणि डोळ्यांतून पाणी काढलं.

मी बाजेवर सातही कार्डं मांडली. दिग्दर्शकांनी एकेक उचलून उजेडात धरलं. दाढी कुरवाळली.

"सुंदर आहेत," ते म्हणाले. "अक्षर तर फारच सुंदर. पण बाई, यात काही घडत नाही."

मला आजही हे वाक्य आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. मी म्हटलं, घडवता येईल, अमुक करू, तमुक करू. ते हं हं करत राहिले. अक्का पलीकडे पडवीची भिंत गेरूनं सारवत होती. माणसं घरात, बाहेर बंद, हात रिकामे कसे ठेवायचे म्हणून. सारवून झाल्यावर तिनं चुन्याचं मडकं घेतलं, काडी बुडवली आणि भिंतीवर दोन झपके मारले. मग डोक्यावरचा पदर सारखा करत दिग्दर्शकांना म्हणाली, "सायेब, वळखा बरं. वाळायच्या आत वळखायचं."

माझ्या हातातलं कार्ड खाली पडलं. तो खेळ आमचा होता. दोघींचा. तिनं तो माझ्या डोळ्यांसमोर एका दाढीवाल्या परक्या माणसाबरोबर मांडला होता, आणि तो माणूस उकिडवा बसून, चष्मा कपाळावर ढकलून, भिंतीला नाक लावून बघत होता, मी बघायची तसाच. ऊन भिंतीवर आलं होतं. कडा पांढऱ्या झाल्या. मग हळूहळू अक्षरं आली: 'चहा'.

"म्हणजे घेता का, असं इचारायलेय मी," अक्का म्हणाली.

दिग्दर्शक खो खो हसले आणि मग पुन्हा भिंतीकडेच बघत राहिले. त्या बघण्यातच मला सगळं कळलं. माझी सात कार्डं बाजेवर होती आणि त्यांच्याकडे कुणीही बघत नव्हतं.

बंद उठला त्या सकाळी चित्रण सुरू झालं. भिंतीवर ताजा गेरू, ऊन यायची वाट बघत कॅमेरा तिकाटण्यावर उभा. तो थोडा वेळ चालवायचा, थांबवायचा, पुन्हा चालवायचा, म्हणजे पडद्यावर अक्षर डोळ्यांदेखत फुलेल. दिग्दर्शक भला माणूस होता. माझं तोंड बघून म्हणाले, "बाई, पहिल्यांदा तुम्ही लिहा. तयार हात आहे तुमचा."

मी काडी घेतली. 'हातगुण'. चार अक्षरं. मी छत्तीस प्रकारे ती लिहू शकत होते. पण चुना ओला होता आणि मला काही दिसत नव्हतं. 'ह' संपला कुठं आणि 'त' सुरू कुठं करायचा, उकार किती खाली आला, सगळं अंदाजे. मी डोळे ताणून, घाम पुसत लिहिलं आणि बाजूला झाले. वाळलं तेव्हा भिंतीवर जे उभं राहिलं ते पहिलीतल्या मुलानं लिहिल्यासारखं होतं. 'गु' घसरून 'ण'च्या पायात आला होता. मला दिसल्याशिवाय लिहिता येत नाही, हे मला वयाच्या त्या टप्प्यावर, सगळ्या गावासमोर समजलं.

भिंत पुन्हा सारवली. दुसऱ्या दिवशी अक्कानं लिहिलं. ती अक्षराकडे बघतसुद्धा नव्हती. काडी भिंतीवर टेकवली आणि हात फिरत गेला, पोळी लाटताना फिरतो तसा. मधेच ती दाजींना म्हणाली की म्हशीला पाणी दाखवा. आणि मग ऊन आलं आणि ते अक्षर आलं. काय सांगू कसं आलं! कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद केला तरी कुणी हललं नाही. मला रडू आलं. लोकांना वाटलं कौतुकानं.

जाताना दिग्दर्शकांनी माझ्या हातात नावांची यादी दिली. शेवटी दाखवायच्या नामावलीची कार्डं मी लिहायची होती. कॅमेरा अमुक, ध्वनी तमुक. 'शीर्षक' या शब्दापुढं जागा मोकळी होती. "तिथं काय घालायचं ते तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "घरातलाच मामला आहे."

परभणीच्या खोलीत बसून मी सगळी कार्डं लिहिली. ते एक शेवटी ठेवलं. मनाशी म्हटलं, खेळ दोघींचा होता. काम मला दिलं होतं. अक्का कधी नाव घालतच नाही, तिचंच म्हणणं आहे. लिव्हणाऱ्याचं नाव भितीवर नसतंय. असं सगळं म्हणून झाल्यावर मी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि 'शीर्षक'पुढं माझं नाव लिहिलं. फक्त माझं. बाहेर जिल्हाभर एका नावासाठी माणसं काय काय सोसत होती, आणि मी घरात बसून एक नाव खाल्लं. अक्षर फार सुरेख आलं होतं.

आठ महिन्यांनी एका रविवारी सकाळी पहिला भाग लागला. मी अक्काच्या गावी गेले नसते तर चाललं असतं, पण चोराला चैन पडत नाही. गावात टीव्ही एकच, सोसायटीच्या खोलीत. दारात, खिडकीत, पारावर माणसं. एकजण गच्चीवर अँटेना धरून उभा. अक्का नवं इरकल नेसून पुढं बसलेली, शेजारी मी. पडद्यावर मुंग्या मुंग्या झाल्या, आवाज आला, आणि मग गेरूची भिंत. अक्षर फुलायला लागल्याबरोबर खोलीत गलका झाला. "अक्काचं अक्षर! ए, अक्काचं!" बायका तिच्या पाठीवर थापा मारायला लागल्या. ती लाजून पदरात हसत होती.

भाग संपला. भारुडवाले गेले आणि काळी कार्डं सुरू झाली. अक्का तोंडातल्या तोंडात एकेक अक्षर लावून वाचायची, चौथी शिकलेल्या माणसासारखी. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. मी जमिनीकडे बघितलं. बसू तेव्हा सेलूला कॉलेजात होता, घडघडा वाचणारा. तो मागून मोठ्यानं वाचत होता, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "शीर्षक," तो म्हणाला आणि पुढं माझं नाव. "मावशीचं नाव! मावशीचं नाव आलं!" टाळ्या पडल्या. त्याचं माझ्यावर प्रेम होतं, त्याचा काय दोष.

अक्काचे ओठ थांबले होते. कार्ड गेलं, दुसरं आलं, तरी ती तिथंच बघत होती. मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे म्हणाली, "छान लिव्हलंयस. 'श'ची गाठ नीट बसलीय."

बस. आयुष्यात त्या विषयावर ती एवढंच बोलली.

त्या दिवाळीला गेले तर पडवीची भिंत कोरी पांढरी. सगळीवर एक हात चुन्याचा मारलेला. मी विचारलं, "अक्का, अक्षरं झाकलीस?" ती म्हणाली, "अक्षरं काय जलमाला पुरत्यात व्हय?" पुढं घराला रंग झाला, फरशी झाली, पण त्या भिंतीला तिनं कुणाला शिवू दिलं नाही. लग्नाच्या भिंती मात्र ती लिहीत राहिली, फ्लेक्सचे बोर्ड येईपर्यंत. मला हुरडा पाठवायची, माझ्या बाळंतपणाला आली, आजारपणात पंधरा दिवस उशाशी बसली. आमच्यात भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

मला त्या नावाचं काय मिळालं? सत्कार, शाल, नारळ. शाळेत नव्या मुली दबक्या आवाजात म्हणायच्या, 'हातगुण'च्या बाई त्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! कुणीही अक्षराचं कौतुक केलं की मी मान डोलवायची आणि आतून जळायची, कारण कौतुक तिच्याच हाताचं असायचं. चोरलेल्या लुगड्यात मिरवणाऱ्या बाईला जसं सगळं गाव लुगड्यालाच छान म्हणतं, तिला कुणी म्हणत नाही, तसं.

एकदा गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर आम्ही दोघी बसलो होतो. आईच्या वर्षश्राद्धाला आलो होतो. मी धीर केला. म्हटलं, "अक्का, त्या वेळी टीव्हीवर..."

"पाणी गार हाय का बघ," ती म्हणाली. मी पाण्यात पाय घातला. गार होतं. तसं सांगितलं.

आता त्या भिंतीसमोर मी उभी होते. पूर्वेचं ऊन पडवीत यायला लागलं होतं. बाहेर मजूर तंबाखू मळत बसलेले, टिकाव भिंतीला टेकवून. मनात आलं, जाता जाता एकदा तो खेळ खेळावा. जुना चुना भिजला की विरघळल्यासारखा होतो, त्यातून आतलं दिसायला लागतं. हे आप्पांच्या दुकानातल्या कुठल्याही पोरीला माहीत असतं. खाली तिचं 'हातगुण' असणार, एकदा बघून घेऊ.

बसूच्या बायकोकडून कळशीभर पाणी मागितलं आणि ओंजळीनं भिंतीवर मारलं. पांढरं आधी करडं झालं, मग तांबूस. गेरू वर आला. आणि त्याच्यात, जिथं चुना दुहेरी होता तिथं, चार अक्षरं फिकी फिकी दिसायला लागली. 'गु'चा तो उकार, शेपटासारखा वळलेला. इतक्या वर्षांनी बघूनसुद्धा पहिल्यांदा हेवाच जागा झाला. खोटं कशाला सांगू.

मग पाणी ओघळत खाली गेलं आणि खाली आणखी एक ओळ दिसली.

ती मी कधी पाहिली नव्हती. चित्रण झालं तेव्हा ती तिथं नव्हती. मी गुडघे टेकून बसले. ऊन भिंतीवर आलं होतं, कडा पुन्हा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. वाळायच्या आत वाचायचं होतं. मी भिंतीला नाक लावलं, मान वाकडी केली. पहिलं अक्षर 'शी'. त्याची गाठ माझ्यासारखी होती, माझ्या त्या काळ्या कार्डावरच्यासारखी, हुबेहूब. पुढचं दिसेपर्यंत सगळं पांढरं झालं.

"काय दिसायलंय, मावशी?" बसू दारातून म्हणाला.

"बसू, बादली आण. भरून आण."

त्यानं बादली आणली. मी म्हटलं, ओत, वरपासून ओत. त्यानं ओतली. बसू आता पन्नाशीचा, चष्मा लावणारा. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"वाच," मी म्हटलं. "मोठ्यानं वाच, बाहेरच्यांना ऐकू जाऊ दे."

"शी... शीर्षक," तो म्हणाला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "शीर्षक, गिरिजा." आणि मग माझ्याकडे वळून, "मायचं नाव हाय, मावशी."

बाहेरचे मजूर उठून आत डोकावायला लागले होते. बसूची बायको हातातलं काम टाकून दारात आली. भिंत वाळत होती. बसू पुढं सरकून शेवटच्या अक्षराच्या पलीकडे, खाली, कोपऱ्यात बोट फिरवत शोधत राहिला. अजून काही आहे का, ते.

"ह्यात तुझं न्हाई, मावशी," तो म्हणाला, थोडा ओशाळून. जणू चूक त्याचीच होती.

"नाही," मी म्हटलं. "बरोबर लिहिलंय तिनं."